बँकॉकला जायचे, पण दोघांनी



या सदरात मी आजवर पेरणी, फवारणी, साठवण हेच लिहीत आलो. आज आपण सहलीचा बेत आखणार आहोत, आणि तोही थेट बँकॉकचा. हसू नका. निमित्त ऐका.

गेल्या हंगामात दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यातल्या एका गावी बोंडअळीची सभा होती. सभा आटोपून एका घरी चहाला थांबलो. बोलता बोलता यजमान म्हणाले की, त्यांचा कृषी केंद्रवाला बँकॉकला जाऊन आला, कंपनीच्या स्कीमवर. तेवढ्यात कारभारीण कपबश्या घेऊन आली आणि उभ्यानेच बोलली, "साहेब, औषध घेतो आमी, अन् बँकॉकले जाते थो. मंग आमी काऊन नाई जात?"

यजमानांनी तिला डोळ्यांनी दटावले. मला मात्र तो चहा गोड लागेना. विक्रीचे उद्दिष्ट पुरे करणाऱ्या दुकानदाराला परदेशवारी देण्याची रीत या धंद्यात आहे, हे तुम्ही जाणताच. ते तिकीट शेवटी कोणाच्या बाटलीतून निघते, हे त्या माउलीने एका वाक्यात सांगितले होते.

आम्ही ओसरीवरच हिशेब मांडला. कपाशीवर किती फवारे झाले, त्यांत "हेही टाका" म्हणून दिलेली टॉनिके किती. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, किंवा शंभरांतली दहा फुले-बोंडे किडकी निघाली, तरच गुलाबी बोंडअळीसाठी रासायनिक औषध काढायचे, हे मी सभेत सांगितलेच होते. त्या मापाने दोन फवारे आणि सगळी टॉनिके विनाकारण गेली होती. तो पैसा यंदापासून वेगळ्या डब्यात टाकायचे ठरले. बाईंनी आणखी एक मागितले: कपाशीतल्या तुरीची चार तासे त्यांच्या नावची. दोन हंगामांत दोघांचा प्रवास निघेल असा अंदाज आला. अट मी घातली. पीककर्ज फेडल्याशिवाय तिकीट नाही, आणि तिकिटासाठी उसनवारी नाही. कर्ज काढून कोणी बँकॉक पाहायला निघाला, तर त्याला मी स्टेशनवरून परत आणीन.

आता एक अवघड गोष्ट. बँकॉकचे नाव काढले की पारावरची माणसे एकमेकांकडे पाहून हसतात. पुरुषांचे जथे तिकडे कशासाठी जातात याची ती कुजबुज असते. अशा बाजारू गोष्टी तिथे आहेत, नाही असे नाही. पण त्या हसण्यापायी एक मोठे, देखणे शहर आपल्या घरच्या बायकांना बंद होऊन बसले आहे. माझ्याकडूनही तेच झाले. पहिल्यांदा मी गेलो तो अभ्यास दौऱ्यात, एकटा, वही घेऊन. परत आल्यावर सौ.ने विचारले, "तिथली फुलं कशी असतात?" मला सांगता आले नाही. वहीत फक्त ठिबकाचे आकडे होते. पाच वर्षांनी पदरच्या पैशाने दोघे गेलो. तेव्हा कुठे मी ते शहर पाहिले.

बेत आखताना पहिली गोष्ट हंगाम. तिकडे मे ते ऑक्टोबर पाऊस, एप्रिल आपल्या अकोल्याची आठवण करून देणारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी. आपल्याकडे तेव्हा कापूस वेचणी आणि तूर. म्हणून कोरडवाहू घराने तूर घरात आली, हरभरा काढणीला यायचा आहे, ती मधली सवड धरावी. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध. त्या दिवसांत तिथे हवेत धुरकटपणा असतो, दम्याच्या माणसाने जपावे. वरूड-मोर्शीच्या मृग बहारवाल्यांना ही वेळ जमणार नाही. त्यांनी बाग तुटण्याआधी, नोव्हेंबरातच जाऊन यावे.

दुसरी गोष्ट पासपोर्ट, आणि इथेच बायकांचे अडते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. जन्मतारीख एकीकडे एक, दुसरीकडे १ जानेवारी. ही कागदे आधी एकसारखी करून घ्या, त्यालाच महिने लागतात. अर्ज सरकारी संकेतस्थळावर होतो, आपले विभागीय कार्यालय नागपूरला आहे. साध्या ३६ पानी पासपोर्टाची फी १५०० रुपये, मुदत १० वर्षे. मध्यस्थाला हजारो मोजू नका, मुलगा-मुलगी मोबाइलवर अर्ज भरून देईल. नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश सुरू केला, पण हे नियम फिरत राहतात. तिकीट काढायच्या आठवड्यात पुन्हा चौकशी करा. १ मे २०२५ पासून पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत एक आगमनपत्र संगणकावर भरावे लागते. ते फुकट आहे. पैसे मागणारी जागा खोटी समजा.

वाट दोन्हीकडून आहे. बडनेरा किंवा अकोल्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई, पुढे विमानाने चार तासांहून थोडे अधिक. १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याहून मुंबईचे विमानही सुरू झाले, पण रेल्वेचे भाडे खिशाला सोसते. हावड्याची गाडी धरून कोलकात्याहून गेलात, तर विमानाचा प्रवास अडीच तासांच्या आसपासचा. उतराल त्या मोठ्या विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. परके वाटत नाही. घड्याळ तेवढे दीड तास पुढे करा.

पाहायचे काय, तर नदीपासून सुरुवात करा. चाओ फ्राया नदीतल्या प्रवासी होड्या हीच तिथली स्वस्त एस.टी. काठावर वाट फो आहे, तिथे ४६ मीटर लांबीचे पहुडलेले बुद्ध. पलीकडच्या काठावर वाट अरुण, अरुणाचे मंदिर. राजवाड्याच्या आवारातल्या मंदिराच्या भिंतींवर रामायणाची १७८ चित्रे ओळीने काढलेली आहेत. सौ. एकेका चित्रापाशी थांबून कथा सांगत होत्या आणि दोन थाई मुली, भाषा कळत नसताना, मागे मागे येत होत्या. मंदिरात खांदे-गुडघे झाकलेले लागतात. आपल्या लुगड्याला कोणी अडवत नाही, पुरुषांनी अर्धी चड्डी घालू नये.

सहल मजेची, तिथे शेती नको, असे मी ठरवले होते. तरी ओ तो को बाजारात गेलोच. शेतकऱ्यांच्या मालाच्या विक्रीसाठी असलेल्या सरकारी संस्थेचा हा बाजार. कांफेंग फेत मेट्रो स्टेशनाला लागूनच. पोमेलो, म्हणजे पपनस, सोलून फोडी लावून ठेवलेले, आंबे एकाच मापाचे. आपण संत्री ढिगाने विकतो, तो ढीग मला तिथे फार आठवला. आणि फुलांचा बाजार, पाक ख्लोंग. सनाम चाय स्टेशनापासून चालत जाता येते. पहाटे उठून जा. मोगऱ्याचे गजरे, कमळाच्या कळ्या, आणि आपला झेंडू, पोत्यांनी.

जेवणाचे मात्र सांभाळा. शाकाहारी म्हणून मागवलेल्या भाजीतही माशाचा रस घालतात. "जे" हा शब्द पाठ करा. पिवळ्या फलकावर लाल अक्षर दिसले की तिथे निव्वळ शाकाहार मिळतो. पाहुरात या कापडबाजारात शिखांचा मोठा गुरुद्वारा आहे, तिथे आणि आजूबाजूला आपल्या तोंडची चव सापडते. खर्रा घरी ठेवून जा.

येताना रोप, कलम, डोळे, बियाणे काहीही पिशवीत घालू नका. परवान्याशिवाय आणणे गुन्हा आहे. पण कायद्यापेक्षा मोठी भीती वेगळी. बँकॉकच्या उत्तरेला रंगसितला नाल्यांच्या मधल्या उंच वाफ्यांवर संत्र्याच्या नामांकित बागा होत्या. त्या उजाड झाल्या, आणि त्यात ग्रीनिंग रोगाचा मोठा वाटा होता. तो रोग सायला किडीने पसरतो, आणि रोगट डोळ्यांनीही. ही कीड वरूडच्या बागाईतदाराला मी नव्याने सांगायला नको. त्यामुळे फळ तिथेच खा, पिशवीत कापड आणा.

दर्यापूरकडच्या त्या घरी दोन्ही पासपोर्ट आले आहेत. बाईंचे नाव दुरुस्त व्हायला चार महिने लागले. डबा कुठे ठेवला आहे, हे मात्र त्यांनी अजून यजमानांनाही सांगितलेले नाही.