परिचारिकेच्या अनुभवाला घरी का पाठवता?

करमाळा तालुक्यातले केम हे गाव कुंकवाच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे हे स्टेशन. पण सोलापूरचे मोठे सरकारी रुग्णालय इथून सुमारे १०० किलोमीटरवर. अशा गावात रात्री बाळंतपण अडले तर पहिला आधार सिस्टरचा. मूल आडवे आहे, आता वेळ न घालवता गाडी बोलवा, हे तिला पोटावर हात ठेवताच कळते. ही जाण तीस वर्षांच्या नोकरीतून येते. आणि ती पुरती आली की ५८व्या वर्षी शासन तिला नारळ देते.

डॉक्टर कमी पडतात म्हणून केंद्र सरकारने २०१६ साली आपल्या आरोग्य सेवेतील डॉक्टरांचे निवृत्तीवय ६५ केले. परिचारिका मात्र केंद्रात ६० आणि राज्यात ५८ वर. अनुभव काय फक्त डॉक्टरचाच मोलाचा? सुईणपण अस्पृश्य बायांच्या माथी मारून पुन्हा त्यांचाच विटाळ मानणारी नजर अजून पुरती गेलेली नाही, असेच म्हणावे लागते.

पण म्हणून सरसकट वय वाढवा, ही मागणीही धोक्याची आहे. जागा अडल्या की बढत्या अडतात, भरती लांबते, आरक्षणाचा अनुशेष वाढतो. नर्सिंग शिकलेल्या आमच्या कितीतरी मुली आधीच कंत्राटावर राबत आहेत. शिवाय गुडघे आणि कंबर गेलेल्या बाईला रात्रपाळीत उभे करून अनुभव टिकत नाही; ती मुदतीआधीच राजीनामा देते.

तेव्हा रिक्त पदे आधी कायमस्वरूपी भरावीत. पन्नाशीनंतर रात्रपाळी कमी करावी. निवृत्तीनंतर जिची इच्छा असेल तिला मंजूर पदांबाहेर प्रशिक्षक म्हणून ठेवावे. तुटपुंज्या मानधनावर नव्हे, तर योग्य वेतनावर आणि पेन्शनला धक्का न लावता. नव्या मुलीने पहिले वर्ष तिच्या हाताखाली काढावे. म्हणजे थोरलीची विद्या राहील आणि धाकटीची नोकरीही.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित मानले होते आणि तिचा भार बव्हंशी सरकारने उचलावा, असे मांडले होते. त्या मातेला सुखरूप सोडवणाऱ्या हातांचा भार तरी शासन उचलणार आहे की नाही?