विश्लेषण : रेसिंग सिम्युलेटरकडे परतणाऱ्याने ‘नवखा’ हाच पर्याय का निवडावा?

माळ्यावरचे स्टिअरिंग व्हील सहा-सात वर्षांनी खाली येते. धूळ झटकून ते टेबलाच्या कडेला आवळले जाते, पेडल्स भिंतीला टेकवली जातात, घरातले झोपल्यावर रात्री अकराच्या सुमारास खेळ सुरू होतो आणि पहिल्याच वळणावर गाडी गवतात जाते. दुसऱ्या फेरीत ती भिंतीवर आदळते. तिसऱ्या फेरीत स्वतःभोवती गिरकी घेऊन उलट दिशेला तोंड करून थांबते. तासाभराने वैतागून सगळे बंद होते आणि पंधरवड्यात ते व्हील जुन्या वस्तूंच्या बाजारात विकायला निघते. बऱ्याच वर्षांनी मोटर रेसिंगच्या सिम्युलेटरकडे वळलेल्या अनेकांची गोष्ट इथेच संपते.

गंमत अशी, की हे सगळे घडण्याआधी खेळाने एक सरळ प्रश्न विचारलेला असतो. ‘ग्रान तुरिस्मो ७’ विचारतो : नवखा, मध्यम की तज्ज्ञ? फॉर्म्युला वनच्या अधिकृत खेळात २०२१च्या आवृत्तीपासून ‘कॅज्युअल’, ‘स्टँडर्ड’ आणि ‘एक्स्पर्ट’ असे तीन दरवाजे आले. परतणारा खेळाडू सहसा शेवटचा दरवाजा ढकलतो, कारण पूर्वी तो तिथूनच आत जात असे. चूक तिथेच होते.

परतणारा नवख्यापेक्षा अडचणीत का?

आपल्याला काही येत नाही, हे नवख्याला ठाऊक असते. परतणाऱ्याला आपल्याला येत होते एवढेच आठवते. सायकल एकदा आली की विसरत नाही, असे आपल्याकडे म्हणतात आणि तोल सांभाळण्यापुरते ते खरेही आहे. पण शर्यतीची फेरी तोलावर नव्हे, बारीक मोजमापावर चालते. शंभर मीटरच्या पाटीच्या किती आधी पाय ब्रेकवर पडायचा, किती दाबायचा, चाक वळवताना तो किती हळू उचलायचा, हे पायाला ठाऊक असावे लागते. पाय हे विसरतो. डोके मात्र जुने आकडे धरून बसते आणि पायाला हुकूम सोडत राहते.

शिवाय मधल्या काळात खेळही बदललेला असतो. ‘आयरेसिंग’ २००८मध्ये सुरू झाला. त्यातले टायरच्या वागणुकीचे गणित त्यानंतर पुन्हा पुन्हा नव्याने मांडले गेले. ‘ग्रान तुरिस्मो ७’मध्येही गाडीच्या वागण्यात अपडेटगणिक फेरफार होत आले आहेत. पडदा नवा, खुर्चीची उंची वेगळी, पेडलची स्प्रिंग सैल. म्हणजे आठवण असते ती दुसऱ्याच गाडीची.

आणखी एक गट आहे, त्याची फसगत जरा वेगळी. सायबर कॅफेत ‘नीड फॉर स्पीड’ गाजवलेले अनेक जण सिम्युलेटरलाही ‘परतलो’ असेच म्हणतात. प्रत्यक्षात ते इथे कधी आलेलेच नसतात. त्या खेळात अ‍ॅक्सिलरेटर सोडायची गरज क्वचित पडे, इथे तो सोडण्यातच निम्मी कला आहे.

मदत घेणे म्हणजे फसवणूक का?

सिम्युलेटरच्या जगात असिस्ट, म्हणजे खेळाने चालकाला पुरवलेली मदत, हा शब्द थोडा नाक मुरडूनच उच्चारला जातो. सगळे असिस्ट बंद करून खेळणारा तो खरा, बाकीचे हौशी, अशी एक समजूत आहे. ती खऱ्या मोटर रेसिंगच्या इतिहासाशी जुळत नाही.

नायजेल मॅन्सेल १९९२मध्ये विश्वविजेता झाला तो विल्यम्स एफडब्ल्यू-१४बी या गाडीतून. तिच्यात ट्रॅक्शन कंट्रोल होते, म्हणजे मागची चाके जागच्या जागी फिरू लागली की इंजिनाची ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा. शिवाय संगणकावर चालणारे सस्पेन्शनही होते. आयर्टन सेनाची १९९३ची डॉनिंग्टनची फेरी आजही दाखले देऊन सांगितली जाते. त्या दिवशी त्याच्या मॅक्लारेनमध्येही ट्रॅक्शन कंट्रोल होतेच. १९९४पासून अशा यंत्रणांवर बंदी आली, २००१मध्ये ट्रॅक्शन कंट्रोलला पुन्हा मुभा मिळाली आणि २००८पासून ते पुन्हा गेले. ही मदत असावी की नसावी हा नियमांचा प्रश्न होता. मर्दुमकीचा नव्हता.

जीटी-३ या गटाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. २००६मध्ये सुरू झालेल्या या शर्यतींत व्यावसायिक चालकांच्या बरोबरीने पैसेवाले हौशी चालकही उतरतात. त्यांच्यासाठी ‘ब्राँझ’ अशी वेगळी श्रेणीच आहे. या गाड्यांत एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही असतात आणि त्यांचे कमी-जास्त करण्याचे खटके चालकाच्या हाताशी असतात. मुरलेले व्यावसायिकही ते वापरतात. याच शर्यतींवर बेतलेल्या २०१९च्या ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’ या खेळात एबीएस बंद करून मिरवणारा खेळाडू त्यामुळे वास्तवाच्या जवळ जात नाही, लांब जातो. भारतात १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना एप्रिल २०१९पासून एबीएस बंधनकारक आहे. ती चालवताना कोणाला कमीपणा वाटल्याचे ऐकिवात नाही.

दुसरे कारण शरीराचे आहे. खऱ्या गाडीत ब्रेक दाबला की पट्टा छातीत रुततो, मागचा भाग घसरू लागला की ते आधी कमरेला कळते. घरातल्या खुर्चीत यातले काही पोहोचत नाही. राहतात ते डोळे, कान आणि हातातली थरथर. स्वस्त पेडल संच पायाचा जोर मोजत नाहीत, पेडल किती सरकले तेवढेच मोजतात. गेमपॅडवर तर अख्खा ब्रेक बोटाखालच्या सेंटिमीटरभर खटक्यात मावतो. त्या सेंटिमीटरात चाक नेमके कुठे लॉक होते हे शोधत बसणे म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणे. एबीएस इथे चालकाला झुकते माप देत नाही, त्याच्याकडून काढून घेतलेली संवेदना थोडीफार परत करते.

करोनाकाळात, मार्च २०२०मध्ये, फॉर्म्युला वनने रद्द झालेल्या शर्यतींच्या जागी आभासी शर्यती सुरू केल्या. त्यांच्या नियमांत सगळ्यांना समान ताकदीच्या गाड्या, ठरलेला सेटअप आणि गाडीचे नुकसान कमी ठेवलेले होते. खेळाची फारशी सवय नसलेल्यांसाठी एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा पर्यायही खुला होता. फॉर्म्युला वनलाच ज्याची लाज वाटली नाही, त्याची लाज रात्री अकरा वाजता घरात एकट्याने खेळणाऱ्याने का बाळगावी?

मग सगळे असिस्ट चालू ठेवावेत का?

नाही. ‘नवखा’ हे बटण दाबावे, पण ते दाबून थेट ट्रॅकवर जाऊ नये. आतल्या यादीत शिरावे. कारण त्या एका नावाखाली दोन फार वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. काही मदत गाडीची असते, काही मदत चालकाची जागाच घेते. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो, हे शिकलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. तो पाय वेळेवर पडतो म्हणून पहिल्या दिवशी अपघात होत नाही. पण त्याच्याच भरवशावर महिना काढला, तर ब्रेक कधी दाबायचा हे कधीच कळत नाही. ब्रेकिंग असिस्ट आणि स्टिअरिंग असिस्ट हे तसे पाय आहेत. परतणाऱ्याने ते पहिल्या दिवसापासून बंद ठेवावेत. वेळ वाईट लागली तरी चालेल.

एबीएस पूर्ण चालू, ट्रॅक्शन कंट्रोल मधल्या आकड्यावर, गियर आपोआप बदलणारे. सुरुवातीला एवढे बेलाशक घ्यावे. टायरची पकड महिन्याच्या पगारासारखी असते, ब्रेकवर उधळली तर वळण्यासाठी उरत नाही. हा हिशेब पायात पुन्हा बसेपर्यंत गियर मोजण्याचे काम डोक्यावर टाकण्यात अर्थ नाही. मात्र ऑटोमॅटिक गियरचा एक दुर्गुण लक्षात ठेवावा : तो कधी कधी वळणाच्या ऐन मध्यावर बदलतो आणि गाडी बिचकते. तो झटका ओळखू येऊ लागला, की समजावे हाताने गियर टाकायची वेळ आली. स्टॅबिलिटी कंट्रोल सगळ्यात आधी सोडावे. ते गाडीची चूक परस्पर दुरुस्त करते आणि चूक झाली होती हेही चालकाला कळू देत नाही.

सर्वात जास्त विचार करावा तो ट्रॅकवर रंगवलेल्या रेषेबद्दल. हिरवी, पिवळी, लाल होत जाणारी ही रेषा इतकी सोयीची, की तिच्याशिवाय खेळता येईल असे वाटतच नाही. तिचा तोटा असा, की ती नजर बॉनेटच्या पुढच्या वीस-तीस मीटरवर खिळवून ठेवते. शर्यतीत नजर वळणाच्या आतल्या टोकावर आणि तिथून बाहेर पडण्याच्या जागेवर हवी. रेषा लाल झाली म्हणून ब्रेक दाबणारा सिग्नलला थांबतो आहे, ट्रॅक शिकत नाही. बऱ्याच खेळांत ही रेषा फक्त वळणांपुरती किंवा फक्त ब्रेकपुरती ठेवता येते. ‘ग्रान तुरिस्मो ७’मध्ये रेषेऐवजी वळणाशी छोटे शंकू ठेवण्याची सोय आहे आणि परतणाऱ्यासाठी ती रेषेपेक्षा सरस आहे, कारण शंकू जागा दाखवतो, पाय कधी हलवायचा ते सांगत नाही.

असिस्टखेरीज आणखी काय तपासावे?

ज्या सेटिंग्जना कोणी असिस्ट म्हणत नाही, त्यांनीही अर्धा वैताग कमी होतो. व्हील ९०० अंश फिरणारे असेल, तर खेळालाही ते तसेच सांगितलेले असावे, नाहीतर हात आणि पडद्यावरचे चाक यांचा मेळ बसत नाही. फोर्स फीडबॅक, म्हणजे व्हीलमधून हाताला बसणारे धक्के, कमाल पातळीवर ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. त्या पातळीला सगळे धक्के सारखेच जोरदार लागतात आणि टायर घसरू लागल्याचा नाजूक इशारा त्यात बुडून जातो. तो कमी करावा. गियरवर चालणाऱ्या जुन्या व्हीलचा खडखडाटही त्याने आटोक्यात येतो, आणि रात्रीच्या शांततेत घरच्यांचे मत महत्त्वाचे असते.

संगणकाच्या ताब्यातले प्रतिस्पर्धी इतके सोपे ठेवावेत, की त्यांच्याशी झुंज मधल्या जागांसाठी व्हावी. पहिला क्रमांक मिळवण्यासाठी ते सोपे करू नयेत. हवामान कोरडे, इंधन आणि टायरची झीज बंद, नुकसान कमी.

ट्रॅकच्या बाबतीत मात्र हौसेला आवर घालावाच लागतो. न्यूरबुर्गरिंगचा नॉर्डश्लाइफ हा जुना ट्रॅक २० किलोमीटरहून लांब, सत्तरपेक्षा जास्त वळणांचा. परतणाऱ्या बहुतेकांना पहिल्याच रात्री तिथे जायचे असते. पंधराव्या किलोमीटरवर झालेली चूक सुधारायची, तर पुन्हा पंधरा किलोमीटर यावे लागते. त्याऐवजी जपानचा त्सुकुबा घ्यावा. जेमतेम दोन किलोमीटरचा ट्रॅक. माझदा एमएक्स-५ सारखी हलकी, बेताच्या ताकदीची गाडी घेतली तर त्या एका तासात तेच वळण चाळीसदा समोर येते. ही गाडी दिसायला भपकेदार नाही, पण तिची प्रत्येक चूक सावकाश होते, आणि सावकाश झालेली चूक डोळ्यांना दिसते.

वेळ मागे फिरवून चूक पुसण्याची सोय काही खेळांत आहे. ‘रेस ड्रायव्हर : ग्रिड’ने २००८मध्ये ती ‘फ्लॅशबॅक’ या नावाने आणली. कर्मठ मंडळींना ती अजिबात खपत नाही. पण त्याच वळणावर पुन्हा जाऊन, यावेळी जरा आधी ब्रेक दाबून काय होते ते पाहण्यासाठी ती वापरली, तर तिच्यासारखा शिक्षक नाही. शर्यत जिंकण्यासाठी वापरली, तर तिचा उपयोग संपला.

कुबड्यांची सवय लागली तर?

हा आक्षेप खोटा नाही. ट्रॅक्शन कंट्रोल जास्त ठेवून खेळणारा वळणातून निघताना अ‍ॅक्सिलरेटर धाडकन दाबायला शिकतो आणि ज्या दिवशी ते बंद करतो त्या दिवशी गाडी गरगर फिरते. म्हणून मदत सोडायची ती एका वेळी एकच, त्याच गाडीत, त्याच ट्रॅकवर. लागोपाठ दहा फेऱ्या ट्रॅकच्या बाहेर न जाता आणि एकमेकींपासून एखाद्या सेकंदाच्या फरकात झाल्या, की रेषा घालवावी. मग गियर हातात घ्यावेत. मग ट्रॅक्शन कंट्रोल एकेक आकडा खाली आणावे. एबीएसला सगळ्यात शेवटी हात लावावा, आणि गेमपॅडवर खेळणाऱ्याने तर लावूच नये. मधे आठवडाभर खेळ झाला नाही, तर एक पायरी मागे यायला हरकत नसावी. नोकरी-घर सांभाळून खेळणाऱ्याच्या वाट्याला असे आठवडे येतातच.

ऑनलाइन शर्यतीला घाई करू नये, कारण तिथे चुकीची किंमत इतरांच्या वेळेतून जाते. समोरच्या गाडीत ऑटोमॅटिक गियर आहेत की नाहीत, हे मागच्याला दिसत नाही आणि त्याला त्याचे सोयरसुतकही नसते. गाडी प्रत्येक फेरीत त्याच जागी ब्रेक लावते की नाही, एवढेच त्याला हवे असते. ‘आयरेसिंग’मध्ये नवा सदस्य ‘रूकी’ परवान्यावर सुरुवात करतो, आणि पुढच्या परवान्यासाठी ज्या सेफ्टी रेटिंगकडे पाहिले जाते, ते किती वळणांमागे किती चुका किंवा धडका झाल्या यावर ठरते. त्यात वेगाचा हिशेब नसतो.