हा सोडा वेगळा आहे

दिवाळीच्या प्रदर्शनात उटण्याचा साबण मांडायचा तर तो गणपतीच्या आसपास करून ठेवावा लागतो. घरी केलेली वडी मुरायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे साबणाचं काम येतं नेमकं पावसाळ्यात, ओट्याशेजारी, दहा बाय दहाच्या स्वयंपाकघरात. मुंबईत अंधेरीला अंबोली, मरोळ, चकाला, डी. एन. नगर, कुठेही राहत असाल आणि यंदा पहिल्यांदाच साबण करणार असाल, तर कॉस्टिक सोड्याची पुडी फोडण्याआधी एवढं वाचा.

आपल्या घरात सोडा या शब्दाची भीती कुणाला नसते. भज्यांत खायचा सोडा असतो, कपड्यांना धुण्याचा सोडा असतो, पापडात पापडखार असतो. कॉस्टिक सोडा या घरातला नाही. तो सोडियम हायड्रॉक्साइड. त्याचे पांढरे पातळ पापुद्रे मिळतात, नाहीतर साबुदाण्यासारखे बारीक दाणे. उघड्या डब्यात दाणे ठेवले तर पोराला ते साखरच वाटतील. तेलाशी गाठ पडली की तो तेलाचा साबण करतो, आणि अंगावर पडला की कातडीतल्या चरबीचंही तेच करायला लागतो.

पहिल्यांदा साबण केला तेव्हा ढवळताना एक थेंब माझ्या हातमोज्याच्या आणि बाहीच्या मधल्या बोटभर जागेत उडाला. आधी काहीच जाणवलं नाही. मग तिथे बुळबुळीत लागायला लागलं आणि त्यानंतर चरचरलं. तो बुळबुळीतपणा म्हणजेच इशारा. हाताला असं लागलं की हातातलं काम तिथेच सोडा आणि मनगट नळाखाली धरा.

म्हणून पहिली तयारी पाण्याची. आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं. साबण त्याच वेळात करा, आणि तरीही एक बादली भरून, तांब्या टाकून, शेजारी ठेवा. नळ कोरडा असताना हे काम अजिबात करू नका. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, पायात बंद चपला, ओढणी किंवा पदर खोचलेला. डोळ्यांना हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो चारही बाजूंनी बंद गॉगल हवा. नंबरचा चष्मा त्याची जागा घेत नाही. मुलं शाळेत असताना करा, पण घरात एक मोठं माणूस असू द्या.

भांडं स्टीलचंच घ्या. जर्मनचं पातेलं, हिंडालियमची कढई, नॉनस्टिक तवा, सगळ्यांत अ‍ॅल्युमिनियम असतं. सोडा ते खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. काच तापून तडकते, कोल्ड्रिंकची बाटली मऊ पडते. भांडं कशाचं आहे याची खात्री नसेल तर ते बाजूला ठेवा. हे भांडं आणि चमचा पुन्हा स्वयंपाकात आणायचा नाही.

आता मुख्य गोष्ट. आधी गार पाणी, मग त्यात सोडा थोडाथोडा सोडत ढवळा. सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, ते तिथल्या तिथे उकळून तोंडावर उडतं. बरोबर केलंत तरी मिनिटाभरात पातेल्याला हात लावता येणार नाही, पाणी ऐंशी अंशांच्या वर जाऊ शकतं. वर येणारी वाफ घशाला झोंबते. खिडकी उघडा, पातेल्यावर वाकू नका.

मोजमाप वजनाच्या काट्यावरच. ५०० ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण ९१ ग्रॅम सोडा लागतो. सुरक्षिततेसाठी पाच टक्के कमी, म्हणजे ८७ ग्रॅम धरतात. पण बाटलीवरचे ५०० मिली म्हणजे ५०० ग्रॅम नव्हेत. ते भरतं सुमारे ४६० ग्रॅम. त्याला ८४ ग्रॅम सोडा पुरतो. ९१ ग्रॅम घातलात तर सात ग्रॅम साबणात मोकळा राहून अंगाला लागतो. पावसाळ्यात तर सोडा हवेतलं पाणी ओढून चिकट होतो आणि काट्यावरचं वजन खोटं पडतं. चिकट झालेला सोडा साबणाला वापरू नका. मोरी साफ करायची पावडरही नको, तिच्यात आणखी काय काय मिसळलेलं असतं.

साच्यात ओतलेला साबणही पहिले दोन दिवस हातमोज्यांशिवाय हाताळू नका. उरलेला सोडा कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. ती पिशवी सकाळी कुणीतरी उघड्या हाताने उचलतं. भरपूर पाण्यात विरघळवून हळूहळू मोरीत सोडा, आणि त्या दिवशी तिथे अ‍ॅसिड ओतू नका.

अंगावर उडालाच तर कोरडे कण झटका, भिजलेला कपडा काढा, वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटं धरा. लिंबू, व्हिनेगर, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. डोळ्यात गेला तर पापणी उघडी धरून तितकाच वेळ पाणी सोडा, घड्याळ बघून. आधी पाणी, मग रिक्षा. अंधेरी पश्चिमेला महापालिकेचं कूपर हॉस्पिटल जवळ आहे, रुग्णवाहिकेचा नंबर १०८. कुणी गिळला तर उलटी करवू नका, वर येताना तो घसा पुन्हा जाळतो. तोंड धुवा आणि तडक हॉस्पिटल गाठा.

घरात रांगतं मूल असेल तर माझं मत स्पष्ट आहे: हा सोडा घरी आणूच नका. तयार सोप बेस वितळवून साच्यात ओता, दिवाळीला तेही चालतं. ज्यांना मुळापासूनच करायचंय त्यांनी व्हिडिओवर विसंबण्यापेक्षा एकदा जाणत्या माणसाशेजारी उभं राहून शिकावं. बोरिवलीला शिंपोली रस्त्यावर खादी ग्रामोद्योग आयोगाची सी. बी. कोरा संस्था आहे, तिथे साबणाच्या वर्गाची चौकशी करा.

आणि कपाटात आधीच आणलेली पुडी असेल तर आत्ता उठा. ती घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात घाला, डब्यावर जाड पेनाने 'विष' लिहा आणि कुलूप लावा.