खटारा कोणाला म्हणायचं?

आधी एक कबुली देऊन टाकते. माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली. तिथे मराठीचा तास म्हणजे जरा विश्रांतीच. त्यामुळे या लेखात कुठे ऱ्हस्व-दीर्घ घसरलं तर मराठी विभागाच्या संपादकांनी सांभाळून घ्यावं. पण विषय असा आहे की तो मला इंग्रजीत सुचतच नाही. पाना, आटे, पाटे, पॅकिंग, क्रॉस... हे शब्द मला पुस्तकातून नाही मिळाले. ते आजोबांकडून मिळाले, देवनारला आमच्या सोसायटीच्या आवारात, एका जुन्या जीपखाली पुठ्ठा टाकून आडवं पडल्यावर!

तर ही जीप. महिंद्रा एमएम ५४०, नोंदणी १९९६ ची. म्हणजे वयाने माझी ताईच. फोर व्हील ड्राइव्ह, पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही, आणि दारं कापडाची. सोसायटीत तिचं नाव ‘खटारा’. हॉस्टेलवर तिचा फोटो दाखवला की दोनच प्रतिक्रिया येतात. "वॉव, विंटेज!" नाहीतर "अजून चालते?" घरी मात्र सध्या तिसरीच प्रतिक्रिया आहे. बाबा म्हणतात, "अगं, स्क्रॅपला देऊन टाकू आता."

बाबांचं काही अगदीच चूक नाही. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. आमच्या जीपचं २०११, २०१६ आणि २०२१ साली झालं, पुढचं २०२६ चं. पूर्वी कार-जीपच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,०००. त्यात वर हरित कर. जी गाडी वर्षातून चार-पाच वेळा माळशेज घाट चढून जुन्नरजवळच्या आमच्या गावी जाते, तिच्यासाठी एवढा खर्च कशाला, हा प्रश्न रास्त आहे.

आणि दुसरा मुद्दा पैशांपेक्षा मोठा आहे. धुराचा! आम्ही देवनारचे. आमच्या भागात १९२७ पासून मुंबईचा कचरा टाकला जातोय. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या डम्पिंग ग्राऊंडला मोठी आग लागली होती, तेव्हा मी लहान होते. खिडक्या बंद करूनही घरात धूर. आजूबाजूच्या महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. त्या धुरात वाढलेल्या मुलीने जुन्या डिझेल गाडीची बाजू घ्यायची म्हणजे जरा अवघडच आहे.

म्हणून आधीच सांगते, हा ‘जुनं ते सोनं’ छाप लेख नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. जुनी गाडी ठेवण्याचा हक्क तिच्या वयामुळे जात नाही, आणि तिच्यावर प्रेम आहे म्हणून मिळतही नाही. तो देखभालीने कमवावा लागतो. आणि ही देखभाल आपण, म्हणजे इंजिनिअरिंगच्या मुलामुलींनी, स्वतःच्या हाताने करायला शिकलं पाहिजे.

थोडा इतिहास सांगते, कारण तो मुंबईचाच आहे. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून ६ लाखांहून जास्त जीप बनवल्या. रणांगणावर सर्व्हिस सेंटर नसतं. तेव्हा साध्या शिपायाला थोडक्या हत्यारांत उघडता येईल अशीच ही गाडी होती. स्वातंत्र्यानंतर विलीजच्या जीप सुट्या भागांच्या रूपात बोटीने मुंबईत यायला लागल्या आणि महिंद्रा कंपनी त्या माझगावात जोडायची. आमची एमएम ५४० ही त्याच घराण्यातली. फक्त तिच्या पोटात प्यूजोचं डिझेल इंजिन आहे, ज्याचं तंत्रज्ञान महिंद्राने १९७९ साली फ्रान्सहून घेतलं. इंजिनाचं नाव एक्सडीपी ४.९०. यातला ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ९० म्हणजे ९० मिलिमीटरचा बोअर. स्ट्रोक ८३ मिलिमीटर. कॅल्क्युलेटर घ्या आणि करा गणित, २,११२ सीसी येतं. फर्स्ट इयरला हा फॉर्म्युला मी परीक्षेसाठी पाठ केला होता. तो आमच्या पार्किंगमध्ये उभा आहे हे मात्र सेकंड इयरला कळलं!

सांगायचा मुद्दा असा की जी गाडी आपल्याकडे आलीच मुळी सुटी होऊन, ती उघडता येणारच. प्रश्न गाडीचा नाही. प्रश्न आपल्या हातांचा आहे.

आता घरी काय काय करता येतं? पुष्कळ. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलणं, एअर फिल्टर साफ करणं, फॅन बेल्टचा ताण बघणं, बॅटरीचे टर्मिनल घासणं, ग्रीस गन घेऊन प्रत्येक निप्पलला ग्रीस भरणं. डिझेल फिल्टर बदलला की लाइनमध्ये हवा शिरते आणि गाडी चालू होत नाही. मग हवा काढायचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचं, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल येईपर्यंत. गावी ओढ्यातून गाडी काढली तर परत आल्यावर पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं आणि ट्रान्सफर केसचं ऑइल बघायचं. ते दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी शिरलंय, बदलायलाच हवं. यातलं एकही काम ‘रॉकेट सायन्स’ नाही. फक्त एक नियम आजोबांनी दगडावरच्या रेघेसारखा घालून दिलाय. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. स्टँड लावायचे, चाकांना दगड लावायचे, मगच खाली.

आणि धूर! धूर ही गाडीची भाषा आहे, ती वाचायला शिकलं पाहिजे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, तेव्हा एअर फिल्टर नाहीतर नॉझल बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गार इंजिन चालू करताना थोडा पांढरा धूर चालतो, पण इंजिन तापल्यावरही तो येत राहिला तर काहीतरी बिघडलंय. दोन वर्षांपूर्वी आमची जीप पीयूसीत नापास झाली. अशा जुन्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिटची आहे, आणि आमचा आकडा त्याच्या वर! एका ठिकाणी तर ‘मशीनला न लावताच सर्टिफिकेट देतो’ अशी ऑफरही आली. बाबा नाही म्हणाले, त्याबद्दल मला त्यांचा अभिमान आहे. मग आम्ही एअर फिल्टर बदलला, नॉझल काढून पंपवाल्याकडे तपासून सेट करून आणले, आणि त्यानंतर ती खरोखर पास झाली. गाडी तीच, वय तेच. फरक पडला तो देखभालीने.

अर्थात इथे प्रामाणिक राहायला हवं. कितीही सेवा केली तरी १९९६ चं इंजिन एप्रिल २०२० नंतरच्या बीएस सहा गाडीइतकं स्वच्छ होणार नाही. नव्या डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, आमच्यात नाही. म्हणून मी ही जीप रोज चेंबूरला भाजी आणायला काढा असं म्हणणार नाही. जिथे तिची गरज आहे तिथेच ती न्यावी. रोजच्यासाठी बेस्ट आहे, लोकल आहे.

आता माझी फजिती सांगते. नाहीतर वाटायचं, ही बाई फारच हुशार! गेल्या मे महिन्यात मागच्या डाव्या चाकातून ब्रेक ऑइल गळत होतं. मी ड्रम काढला, व्हील सिलिंडरचं किट बदललं, सगळं पुस्तकाप्रमाणे. मग ब्रेकची एअर काढायची. आई पेडलवर, मी खाली. "आई, दाब... धर... सोड!" असा आमचा कार्यक्रम अर्धा तास चालला. आईची पोळ्यांची वेळ झाली होती, मला घाई झाली. मास्टर सिलिंडरच्या डबीतलं ऑइल संपत आलंय हे मी पाहिलंच नाही. डबी रिकामी झाली की तिथूनच पुन्हा हवा आत ओढली जाते. बाहेरून सगळं ठीक दिसत होतं. मी रुबाबात गाडी काढली, सोसायटीच्या फाटकाकडे वळवली, ब्रेक दाबला आणि पेडल थेट जमिनीला टेकलं.

वेग पायी चालण्याइतकाच होता म्हणून बरं. पहिला गिअर, हँडब्रेक, आणि गाडी वॉचमनकाकांच्या खुर्चीपासून दोन हातांवर थांबली. काका खुर्चीत नव्हते. पण असते तर? आणि हीच गाडी मी दुसऱ्या दिवशी माळशेज घाटात नेणार होते, आजोबांना शेजारी बसवून. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी गोवंडीच्या गॅरेजमधल्या चाचांना बोलावलं. वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून, दर वेळी डबी भरत, त्यांनी माझ्याकडूनच सगळं पुन्हा करून घेतलं आणि म्हणाले, "बेटा, ब्रेक का काम है, जल्दी नहीं करने का." सहा सेमिस्टरमध्ये मला यापेक्षा मोठं लेक्चर मिळालेलं नाही.

त्या दिवसापासून घरात दोन याद्या आहेत. एक, मी एकटीने करायची कामं. दुसरी, चाचांच्या देखरेखीशिवाय हात लावायचा नाही अशी कामं. ब्रेक, स्टिअरिंग आणि पंप-नॉझल दुसऱ्या यादीत. आपल्याला काय येत नाही हे ओळखणं हासुद्धा इंजिनिअरिंगचाच भाग आहे.

माहिती नसली तर काय होतं तेही सांगते. माझ्या चुलत भावाने एकदा शायनिंग मारायला गावच्या कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून गाडी पळवली. या जीपला सेंटर डिफरन्शियल नाही. फोर व्हील लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरणार. पण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाकं थोडी घसरतात आणि हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर घसरायला वावच नाही, मग सगळा ताण गिअर आणि क्रॉसवर. एक क्रॉस तुटला, आणि दादा म्हणाला, "जुनी गाडी आहे ना!" बघा, चूक माणसाची आणि नाव गाडीचं.

मित्रमैत्रिणींनो, आपलंही असंच चालतं. हॉस्टेलच्या मेसचा मिक्सर बंद पडला, नवा आणला. पंखा आवाज करतो, तक्रार वहीत लिहिली आणि विसरलो. कोणी उघडून बघितलं? मी तरी नाही. आपल्या वर्कशॉपमध्ये कापून रंगवलेलं इंजिन आहे, लाल-निळं, फार सुंदर. व्हायव्हात आपण त्याच्याकडे बोट दाखवतो. पण त्याचा एकही बोल्ट गंजलेला नाही, एकही आटा गेलेला नाही, त्यातून थेंबभर ऑइल गळत नाही. खऱ्या गाडीला हे सगळं असतं.

म्हणून माझी सरांना आणि मॅडमना नम्र विनंती आहे. भंगारात निघालेली एखादी गाडी कॉलेजने आणावी आणि ती आम्हाला उघडू द्यावी. मार्क नकोत, सबमिशन नको. शनिवारी दुपारी दोन तास आणि शिकवायला एखादे अनुभवी मेकॅनिक. चाचांसारखी माणसं डिग्री नसताना जे जाणतात ते आम्ही डिग्री घेऊनही जाणत नाही, याची थोडी लाज वाटली तरी चालेल.

असो. आमच्या जीपचं काय ठरलं? बाबांशी माझा करार झालाय. २०२१ च्या स्क्रॅपेज धोरणातही खाजगी गाडीला नुसतं वय झालं म्हणून भंगारात काढायचं असं नाही, कसोटी फिटनेसची आहे. तीच कसोटी मला मान्य आहे. नूतनीकरणाच्या आधी मी तिचं सगळं काम करणार, खर्च माझ्या इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून. ती धुराच्या आणि फिटनेसच्या तपासणीत खरोखर पास झाली तर राहील. नापास झाली आणि दुरुस्तीनेही सुधारली नाही, तर तिला स्क्रॅप सेंटरला मीच चालवत नेईन. आजोबांनीही याला मान डोलावली. थोडा वेळ घेतला, पण डोलावली.

तेव्हा खटारा कोणाला म्हणायचं? जिची कोणी काळजी घेत नाही तिला. मग ती १९९६ ची असो नाहीतर गेल्या वर्षीची.

पटलं तर बघा. नाही पटलं तर वर्कशॉपमागे भेटा, वाद घालू. येताना जुने कपडे घालून या!

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)