सिंगापूर पाहताना डॉक्टरांनी काय पाहावे?

उन्हाळी सुटी लागली की इंदूरच्या डॉक्टर कुटुंबांपैकी कोणी ना कोणी सिंगापूरला जाऊन येते. परतल्यावरचे वर्णनही आता ठरून गेले आहे : सेंतोसा बेट, रात्रीचे प्राणिसंग्रहालय, मर्लायनसमोरची छायाचित्रे आणि ‘मुस्तफा’तील खरेदी. शेवटी एक वाक्य हमखास येते, ‘‘काय ती स्वच्छता! आपल्याकडे हे व्हायचे नाही.’’ सामान्य पर्यटकाने एवढे म्हणून थांबावे हे समजण्यासारखे आहे. डॉक्टरने मात्र तेथे थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘मुस्तफा’पासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, लिटल इंडियाच्याच परिसरात, स्त्रिया व मुलांसाठीचे ‘केके’ रुग्णालय आहे. ‘कंडांग करबाऊ’ या त्याच्या मूळ मलय नावाचा अर्थ म्हशींचा गोठा. या रुग्णालयाच्या जुन्या वास्तूत १९६६ या एका वर्षात ३९,८३५ बाळे जन्मली, म्हणजे रोज शंभरांहून अधिक. गिनेस बुकाने त्याची नोंद घेतली. त्याच सुमारास, १९६५ साली, सिंगापूरमध्ये हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २६ अर्भके पहिला वाढदिवस पाहत नसत. अलीकडे हे प्रमाण दोनच्या आसपास आले आहे. भारताचा अर्भकमृत्युदर २०२३ साली २५ होता, आणि आपल्या मध्य प्रदेशाचा ३७. एका शहराची तुलना अफाट देशाशी करणे सर्वस्वी न्याय्य नाही, हे मान्य. तरीही बालरोगतज्ज्ञाला हे आकडे अस्वस्थ केल्यावाचून राहत नाहीत.

हा पालट केवळ आमच्या विद्याशाखेने घडविला नाही. लसीकरण आणि उत्तम प्रसूतिसेवा यांच्या जोडीला पक्की घरे, नळाचे शुद्ध पाणी आणि भुयारी गटारे होती. ज्या सिंगापूर नदीत आपण हौसेने नौकाविहार करतो, ती १९७७ साली दुर्गंधीने भरलेली होती. डुकरांचे गोठे, बदकपालन, रस्त्यावरील खाद्यविक्रेते आणि गटारे नसलेल्या वस्त्या यांची घाण तिच्यात येई. पंतप्रधान ली क्वान यू यांनी दहा वर्षांची मुदत घातली आणि १९८७ साली काम पुरे झाले. विक्रेत्यांना नुसते हुसकावले नाही. नळ व निचऱ्याची सोय असलेल्या केंद्रांत त्यांना जागा दिली. त्या केंद्रांच्या खाद्यसंस्कृतीला २०२० साली युनेस्कोच्या वारसायादीत स्थान मिळाले. पुढे २००८ साली मरिना बॅरेज हा बांध झाला आणि नदीच्या मुखाशी गोड्या पाण्याचा जलाशय तयार झाला. मर्लायन ज्या पाण्यात फवारा सोडतो, ते आज शहराच्या पिण्याच्या पाण्याचा साठा आहे. आपल्यापैकी किती जणांनी हे जाणून तेथे छायाचित्र काढले असेल?

डासांचेही तसेच. रोगवाहक कीटकांच्या नाशाचा कायदा तेथे १९६८ सालचा. कुंडीखालच्या बशीत अळ्या सापडल्या तर घरमालकाला दंड होतो. एवढे करूनही जगभरची जहाजे आणि प्रवासी ज्या बंदरात उतरतात, तेथून डेंग्यू हद्दपार झालेला नाही. २०२० साली पस्तीस हजारांवर रुग्ण नोंदले गेले. म्हणून २०१६पासून व्होल्बाकिया जिवाणू असलेले नर डास सोडण्याचाही उपक्रम सुरू झाला. आरोग्यरक्षणाचे काम एकदा करून संपत नाही, हे येथे ध्यानात येते.

यावर आक्षेप येईल की देश चिमुकला, श्रीमंत आणि शासन करडे. आक्षेप खरा आहे. त्या व्यवस्थेतही अंधारे कोपरे आहेत : २०२० साली कोविडचे बहुसंख्य रुग्ण स्थलांतरित मजुरांच्या दाटीवाटीच्या वसतिगृहांत सापडले. कुंडीची बशी तपासणाऱ्या यंत्रणेला ती दाटी वेळेवर खुपली नाही. म्हणजे अंधानुकरण नको. पण ‘आपल्याकडे हे व्हायचे नाही’ हे तरी निदान इंदूरकराने म्हणू नये. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७पासून आपले शहर सातत्याने अग्रस्थानी आहे. कचरा उचलण्याची शिस्त आपल्याला साधली. डोळ्यांना न दिसणारी जलवाहिनी, तिच्याशेजारची मलवाहिनी आणि गच्चीवर साचलेले पाणी यांकडे तीच शिस्त आता वळली पाहिजे.

यात आपल्या मंडळाला करण्याजोगे पुष्कळ आहे. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या रुग्णालयाच्या टाक्या, कूलर व गच्ची तपासून घ्यावी. प्रभागवार पाणीतपासणीचे अहवाल महापालिकेकडे नियमितपणे मागावेत आणि ते मासिक सभेत वाचले जावेत. अतिसाराचे रुग्ण एका वस्तीतून वाढू लागले, तर आपसांत त्याच दिवशी कळवावे. आणि मंडळाची पुढची सहल सिंगापूरला गेली, तर खरेदीतील एक सकाळ मरिना बॅरेजसाठी राखून ठेवावी. मुलांनाही बरोबर न्यावे. त्यांना ते बहुधा आपल्याहून लवकर समजेल.