अंगावर काढायचं नाही



'तिनं सगळं अंगावर काढलं, पण कधी बोलली नाही', असं बाईबद्दल कौतुकानं म्हटलं जातं. या कौतुकाची मला भीती वाटते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होतं. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ५४.२ टक्क्यांवर गेलं. पुरुषांत ते २१.९ टक्के होतं. पाळी आणि बाळंतपणं हे त्याचं एक कारण. सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं जेवणं हे दुसरं.

शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी आली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. आपल्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागातूनही कोयते जातात. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं ही बहुतेकदा औषधानं बरी होणारी दुखणी. पण उचल घेतलेली असते, खाडा केला की पैसे कापतात. म्हणून दुखणं लांबतं, आणि मग 'पिशवी काढून टाका' हा सल्ला सोपा वाटू लागतो.

अशा बाईला 'स्वतःकडे लक्ष दे' एवढंच सांगणं म्हणजे तिच्या कामांच्या यादीत आणखी एक काम घालणं. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला २८९ मिनिटं गेली. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ८८. मग लक्ष द्यायचं कुठल्या वेळात? शेतात आडोसा नाही म्हणून बाई दिवसभर पाणी कमी पिते आणि लघवीची जळजळ सोसते. हा तिचा निष्काळजीपणा नाही. आडोसा नाही, हा दोष कामाच्या जागेचा आहे.

म्हणून सवय एकटीनं नाही, मिळून लावायची. माझ्या सूचना साध्या आहेत. बचतगटाच्या बैठकीत हप्त्यांच्या हिशेबाआधी दहा मिनिटं तब्येतीची ठेवा. उपकेंद्रात जाऊन सगळ्याजणी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या मागा, त्या तिथे मोफत मिळायला हव्यात. गोळी किंवा जेवण चहाबरोबर नको. चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबू, मोसंबीनं लागतं. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती तोडणाऱ्या बाईच्या ताटात फोड पडते का? आणि घरात सगळ्यांनी एका पंगतीला बसायचं. ज्याचं ताट त्यानं उचलायचं. तेवढी मिनिटं तरी बाईच्या पदरात पडतील.

यावर घरातून कुरकुर होईल. 'आत्ताच काय झालं?' असं विचारतील. काही होण्याआधीच जायचं असतं, हे आपण शांतपणे सांगू. पोराला ताप आला तर आपण रात्री दवाखाना गाठतो. तीच घाई स्वतःसाठी करणं हा स्वार्थ नाही, तो आपला हक्क आहे.

तुमच्या गावात काय जमलं, काय अडलं, ते जरूर लिहून कळवा.