मायक्रोवेव्ह आणि मामाची एसटी

हाय-पॉवर मायक्रोवेव्ह म्हटलं की आमच्या कँटीनमध्ये एकच विषय: ड्रोन कसे पाडायचे! मला मात्र मामा आठवतो. कॅन्सरच्या शेकासाठी ६ आठवडे भंडारा-नागपूर एसटी. तो शेक देणाऱ्या लिनॅकमध्येही मायक्रोवेव्हच इलेक्ट्रॉन पळवतात, मेगावॅटच्या झटक्यांनी. मुंबईच्या 'समीर' या सरकारी संस्थेने (स्थापना १९८४) असं मशीन बनवून सेवाग्रामला बसवलंसुद्धा. मग भंडाऱ्याला का नको? 'बाहेरून मागवू' म्हणणाऱ्यांनी आधी मामाच्या एसटीत बसून बघावं. मॅग्नेट्रॉन घडवायला वर्षं लागतात, मान्य. पण सगळी हुशार पोरं अ‍ॅपच लिहीत बसली तर तो घडवणार कोण? हो, मीही त्यातलाच. लाज वाटते. असो.